पान सदतीस, शब्द चौथा

ती पुस्तिका तुम्ही छापलीत. हिरव्या पुठ्ठ्याची, पन्नास पानांची, पानाला दहा शब्द. शब्द, त्याचा उच्चार, त्याचा अर्थ, नमुन्याचं एक वाक्य आणि त्याखाली एक रिकामी ओळ, 'तुमचे वाक्य'. त्या रिकाम्या ओळीत एका बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा कापून घ्यावा अशी सोय तुम्ही केलीत, आणि गळा कापल्यावर अक्षर चांगलं आहे म्हणून दहापैकी नऊ गुण दिलेत. आता म्हणता, आमचा काय संबंध, आम्ही तर शिकवत होतो. बरं. काय शिकवलंत ते पहिल्यापासून ऐका.

त्या बाईला सगळे रूळवाली म्हणायचे. इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर, आणि धुलाईघराच्या मधोमध तो रूळ. छातीच्या उंचीवर बसवलेला, दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब, आत वाफ खेळवून तापवलेला. पाण्याचा थेंब पडला तर चर्र होऊन जागेवर नाहीसा. दोघींनी ओली चादर दोन टोकांना धरायची, कड सरळ करून रुळाच्या तोंडाशी द्यायची, की तो ती गिळायचा आणि पलीकडून कोरी, कडक, कागदासारखी बाहेर काढायचा. त्याच्या तोंडापाशी एक आडवी पट्टी असते, तिला गार्ड म्हणतात. चादरीच्या नादात बोटं फार पुढं गेली तर आधी ती पट्टीला लागतात आणि रूळ जागच्या जागी थांबतो. त्या अख्ख्या धुडात अक्कल म्हणून जी काय आहे ती त्या एका पट्टीत.

रूळवालीनं त्या रुळापुढं एकोणीस वर्षं काढली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. चादर हातात घेतली की ती कुठल्या मजल्यावरून आली हे ती वासावरून सांगायची. डाग बघून माणूस जगला की गेला हेही सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायची. जिभेनं तिखट. हाताखालच्या बायकांना अंगठेबहाद्दर म्हणायची, जणू काही स्वतः कॉलेजात जाऊन आली होती. शिक्षण सातवी. पण वाचायची खाज होती. औषधांच्या खोक्यांवरचं, गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवरचं, जे दिसेल ते.

रुळाच्या दुसऱ्या टोकाला तिची भाची. धाकट्या बहिणीची मुलगी, वय वीस. बारावीला इंग्रजीत दोनदा आपटली, मग घरी बसली. रूळवालीनं चार जणांचे पाय धरून तिला धुलाईघरात चिकटवलं. पहिल्या दिवशी बहीण फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, अक्का, ही तुझ्या नजरेखाली राहील एवढंच बघ, बाकी मला काही नको. रूळवाली म्हणाली, माझ्या नजरेतून चादरीची सुरकुती सुटत नाही, पोरगी कशी सुटेल.

हा 'नजर' शब्द लक्षात ठेवा. तो परत येणार आहे.

मग तुमचं ते परिपत्रक आलं. इस्पितळ चालवणाऱ्या तुमच्या संस्थेला कसलंसं मोठं प्रमाणपत्र मिळणार होतं, त्यासाठी इथून पुढं सगळ्या नोंदी फक्त इंग्रजीत. हजेरी इंग्रजीत, रजेचा अर्ज इंग्रजीत, यंत्र बिघडलं तर त्याची नोंदही इंग्रजीत. तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही. आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी रोज दुपारी दोन ते तीन वर्ग, रोज दहा शब्द.

वर्ग घड्या घालायच्या खोलीत भरायचा. बायका धुतलेल्या गठ्ठ्यांवर बसायच्या. शिकवायला येणाऱ्या बाई काटकुळ्या, कंत्राटावरच्या, एका दिवसात चार ठिकाणी शिकवून दमलेल्या. त्या पुस्तिका उघडायच्या, शब्द म्हणायच्या, बायका मागून म्हणायच्या, मग रिकामी ओळ भरायची. नमुन्याची वाक्यं तुमचीच. 'ओबीडियंट' म्हणजे आज्ञाधारक, चांगली कामगार आज्ञाधारक असते. 'ग्रेटफुल' म्हणजे ऋणी, आपण संस्थेचे ऋणी असले पाहिजे. 'लेझी' म्हणजे आळशी, आळशी कामगाराला कोणी ठेवत नाही. धुलाईघरात येणारा फिटर, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारा, एकदा हे चाळून म्हणाला, हे शब्द शिकवतायत की सासरी पाठवतायत? बायका इतक्या हसल्या की बाईंनी वर्ग पाच मिनिटं आधी सोडला.

रूळवाली मात्र हसली नाही. तिनं हे मनावर घेतलं. एकोणीस वर्षांत तिला कोणी वही दिली नव्हती. ती घड्या घालताना शब्द घोकायची, चादरीच्या चार कोपऱ्यांना चार शब्द. तिची वाक्यं तिच्या कामातून यायची. 'कोल्ड' या शब्दाखाली तिनं लिहिलं की रक्ताचा डाग थंड पाण्यात जातो, गरम पाण्यात बसतो. बाईंनी बरोबरची खूण केली. 'विटनेस' म्हणजे साक्षीदार, तिथं तिनं लिहिलं, चादर साक्षीदार असते, म्हणून आम्ही तिला धुतो. बाईंनी ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, साक्षीदार माणूस असतो. रूळवाली दिवसभर धुसफुसत होती. भाची म्हणाली, मावशी, जाऊ दे, बाईंनी चादरी कुठं धुतल्यात.

त्याच सुमाराला रुळाचा गार्ड तुटला. आतली स्प्रिंग गेली, पट्टी लोंबायला लागली. रूळवालीनं फिटरला सांगितलं. फिटर मनानं वाईट नव्हता. त्यानं फाटक्या चादरीची चिंधी काढून पट्टी वर बांधून ठेवली आणि म्हणाला, आता ही नुसती दिसायला आहे, जपून. नवी स्प्रिंग मागवायची तर वहीत नोंद पाहिजे, नोंदीवर देखभालीच्या साहेबांची सही पाहिजे.

"तोंडी काय, मी बायकोचंही ऐकतो," तो म्हणाला. "कागद आण."

रूळवालीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिसऱ्या दिवशी सांगितलं, साहेब जिन्यात भेटले तेव्हा त्यांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, नोंद करा. आणि नोंद म्हणजे इंग्रजी. तर जेवणाच्या सुट्टीत मावशी-भाची गठ्ठ्यावर बसल्या आणि पुस्तिका पुढं घेतली. 'ब्रोकन' झालेला होता, 'रिपेअर' पान चाळिसावर सापडला. पण रूळवालीला नुसतं तुटलंय, दुरुस्त करा, एवढं नको होतं. हे कोण सांगतंय तेही कळायला पाहिजे. रस्त्यावरचा माणूस सांगत नाही, जिच्या ताब्यात रूळ आहे ती सांगतेय. असा शब्द पाहिजे.

वर्ग तेव्हा पान बाविसावर होता. भाचीनं पुढची पानं उलटली आणि सदतिसाव्या पानावर तिचं बोट थांबलं. पान सदतीस, शब्द चौथा. ओव्हरसाइट. अर्थ: देखरेख, नजरेखाली असणे. नमुन्याचं वाक्य: अधिकाऱ्याकडे विभागाची ओव्हरसाइट असते.

"मावशी, हा घाल," भाची म्हणाली. "साहेबांचा शब्द आहे. हा बघितला की उठून येतील."

रूळवालीनं तो शब्द तीनदा म्हणून बघितला. तोंड भरून यायचा. तिनं कच्च्या वहीत वाक्य केलं: ब्रोकन गार्ड इज अंडर माय ओव्हरसाइट, प्लीज रिपेअर. म्हणजे तुटलेला गार्ड माझ्या देखरेखीखाली आहे, कृपया दुरुस्त करा. नोंदवहीत चूक जायला नको म्हणून ते बाईंना दाखवलं. बाईंना पुढची बस गाठायची होती. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि 'अंडर'वर काट मारली. म्हणाल्या, ओव्हर म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली, एकाच वाक्यात वर आणि खाली कसं चालेल? एक काढा. बाकी छान. नऊ गुण, आणि लाल शाईत खूण.

दहावा गुण कशाचा कापला ते त्यांनी सांगितलं नाही.

रूळवालीनं ते वाक्य देखभालीच्या वहीत उतरवलं. जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसली. ब्रोकन गार्ड इज माय ओव्हरसाइट, प्लीज रिपेअर. खाली सही, तीही इंग्रजीत.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. छापील कागद, वर संस्थेचं चिन्ह, खाली साहेबांची सही. अख्ख्या धुलाईघरात असा कागद याआधी कुणाला आला नव्हता. बायका हात पुसून गोळा झाल्या. मजकूर एका ओळीचा: एक्सप्लेन युवर ओव्हरसाइट विदिन सेव्हन डेज. मावशी-भाचीनं पुस्तिका काढून एकेक शब्द लावला. 'एक्सप्लेन' म्हणजे समजावून सांगणे. 'विदिन' म्हणजे आत. सगळं मिळून झालं: तुमची देखरेख सात दिवसांच्या आत समजावून सांगा.

रूळवालीचा ऊर भरून आला. एकोणीस वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तू काय काय सांभाळतेस. आता साहेब विचारत होते, आणि सात दिवसांत. ती फिटरला म्हणाली, बघ, आधी सगळं समजून घेतायत, मग दुरुस्त करतील, शिकलेल्या माणसाची रीत. फिटरनं कागद उलटसुलट केला, त्यालाही इंग्रजी बेताचंच. तो म्हणाला, चला, गंगेत घोडं न्हालं.

तिनं सात दिवस घेतले नाहीत. दोन दिवसांत उत्तर लिहिलं. भाचीनं स्पेलिंग बघितली. सात वाक्यं, सातही एकाच साच्याची. रोलर इज माय ओव्हरसाइट. गार्ड इज माय ओव्हरसाइट. सहा ट्रॉल्या, वाफेचा नळ, दोन हातइस्त्र्या, यंत्रापाशी कायम ओली राहणारी फरशी, प्रत्येकाला एकेक ओळ. फरशीची ओळ लिहिताना थोडा विचार केला, कारण फरशी पुसायचं काम दुसरीकडे होतं, पण बघत तर तीच होती. सहा झाली. सातव्या ओळीला ती थांबली, रुळाच्या त्या टोकाला ट्रॉली ढकलत असलेल्या पोरीकडं बघितलं आणि लिहिलं: माय नीस इज ऑल्सो माय ओव्हरसाइट. शी इज गुड.

भाची लाजली. म्हणाली, मावशी, मला कशाला घातलंस यंत्रांच्या यादीत. रूळवाली म्हणाली, तुझ्या आईनं तुला माझ्या नजरेखाली दिलंय, ते कागदावर असू दे.

आलं कागदावर.

नोंद केल्यापासून बाराव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी साडेदहाला, चिंधी सुटली. पट्टी खाली लोंबली आणि चादरीत गुंडाळली गेली, चादर तिरकी ओढली जायला लागली. भाचीनं ती सरळ करायला उजवा हात पुढं केला. हात चादरीबरोबर मनगटापर्यंत आत गेला. थांबवायचं लाल बटण रूळवालीच्या टोकाला, तिच्यापासून चार पावलांवर. ती चार पावलं ती धावली. तेवढ्या वेळात चादर पलीकडून बाहेर आली, आणि तिच्यावर जे काही होतं तेही इस्त्री होऊन आलं.

वरच इस्पितळ, त्यामुळं उशीर झाला नाही. तिसऱ्या मजल्यावर पोरीची तीन बोटं काढली, दोन राहिली, अंगठा आणि करंगळी. संध्याकाळी ती चादर इतर चादरींबरोबर खाली धुवायला आली. दुसरी कुणी तिला हात लावेना. रूळवालीनं ती थंड पाण्यात टाकली. गरम पाण्यात डाग बसतो हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली, पाचव्या मजल्यावर. थंड हवेची खोली, लांब टेबल. टेबलाच्या त्या बाजूला देखभालीचे साहेब आणि लिहून घेणारा कारकून. ज्यांनी दुरुस्तीवर सही केली नाही तेच चौकशीला बसले होते. हे कसं, असं रूळवालीच्या बहिणीनं आत जायच्या आधी दाराबाहेर फिटरला विचारलं तर फिटर म्हणाला, ताई, इथं असंच असतं. या बाजूला रूळवाली, बहीण, हाताला ढीगभर पट्टी बांधलेली भाची, आणि शिकवणाऱ्या बाई.

साहेबांनी नोंदवही पुढं सरकवली आणि हे अक्षर तुमचंच का असं विचारलं. रूळवाली हो म्हणाली. तिला वाटलं, आता विचारतील की नोंद होती तर दुरुस्ती का झाली नाही. ती उत्तराची वाट बघत होती, आणि तिलाच उत्तर द्यायचंय हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तुम्ही लिहिलंय," साहेब म्हणाले, "तुटलेला गार्ड ही माझी नजरचूक आहे."

रूळवालीला वाटलं साहेबांनी दुसऱ्याच कुणाचं पान उघडलंय. ती म्हणाली, नाही साहेब, मी लिहिलंय की गार्ड माझ्या देखरेखीखाली आहे. साहेबांनी शांतपणे सांगितलं की ओव्हरसाइट म्हणजे नजरचूक, दुर्लक्ष. तुम्ही चूक कबूल केलीत म्हणून आम्ही रीतसर खुलासा मागवला. खुलासा आल्याशिवाय दुरुस्ती कशी मंजूर करणार? आणि तुमचा खुलासाही आला. मग त्यांनी तो मोठ्यानं मराठीतून वाचला. रूळ ही माझी नजरचूक आहे. गार्ड ही माझी नजरचूक आहे. ट्रॉल्या, नळ, इस्त्र्या, फरशी. कारकून लिहिता लिहिता रुमाल तोंडाला लावून हसायला लागला. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, पण ओठांचा कोपरा त्यांचाही हलला.

"माझी भाची हीसुद्धा माझी नजरचूक आहे," साहेबांनी शेवटची ओळ वाचली. "ती चांगली आहे."

बहिणीनं मान वळवून अक्काकडं बघितलं. तिला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं. मराठीतलं हे वाक्य मात्र पुरतं कळलं.

रूळवालीनं बाईंकडं बघितलं. बाईंनीच तर तपासलं होतं, अंडर त्यांनीच काढला होता. साहेबांनीही बाईंना विचारलं. बाईंचं कंत्राट महिन्याअखेर संपणार होतं आणि ते वाढवायचं की नाही हे याच टेबलावर ठरणार होतं. त्या टेबलाकडं बघत म्हणाल्या, वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे. अंडरचं विचारल्यावर म्हणाल्या, मला आठवत नाही, दिवसाला साठ वह्या तपासते.

रूळवालीनं पिशवीतून हिरवी पुस्तिका काढली. सदतिसावं पान उघडलं, पुस्तिका टेबलावर आपटली आणि चौथ्या शब्दावर बोट ठेवलं. देखरेख. नजरेखाली असणे. बघा. हे तुमचंच छापील आहे, साहेब. दुसरं काही लिहिलंय का इथं?

साहेबांनी खण उघडून आपली पुस्तिका काढली. तसलंच आकारमान, पण पुठ्ठा निळा. त्यांनीही सदतिसावं पान उघडलं. पान तेच, शब्द तोच, चौथाच. अर्थ एक: देखरेख. अर्थ दोन: नजरचूक, दुर्लक्षामुळे झालेली चूक. दोन्ही पुस्तिका शेजारी शेजारी पडल्या होत्या, आणि रूळवालीला आता उलटंही वाचता येत होतं. तिच्या पानावर जिथं दुसरा अर्थ असायला पाहिजे होता तिथं तेवढीच कोरी जागा होती. खालचे शब्द वर सरकवायचे कष्टही कुणी घेतले नव्हते.

साहेबांनी समजावून सांगितलं, आणि चिडून नव्हे, लहान मुलाला सांगतात तसं. हिरवी म्हणजे कामगार आवृत्ती, ती सोपी केलेली आहे. एका शब्दाला दोन-दोन अर्थ दिले की तुमचा गोंधळ उडतो, म्हणून समितीनं प्रत्येक शब्दाला एकच ठेवला. तुमच्याच सोयीसाठी.

"मग तुम्ही मला पत्र लिहिलंत ते कुठल्या पुस्तिकेतून?" रूळवालीनं विचारलं.

 कारकुनानं हा प्रश्न लिहूनही घेतला नाही.

इथवर ती ताठ होती. इथं तिचा तोल गेला. बहिणीची नजर मानेवर टोचत होती, साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, आणि एकोणीस वर्षांचं काम सात ओळींत वाहून चाललेलं दिसत होतं. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसं तिनं धरलं. म्हणाली, साहेब, हा शब्द मी शोधलाच नाही. आमच्या वर्गात तो झालाही नव्हता. हिनं शोधला. हिनंच सांगितलं, हा घाल.

आणि तिनं भाचीकडं बोट दाखवलं.

साहेबांचं पेन थांबलं. ते पहिल्यांदाच पोरीशी बोलले. नोंद लिहिताना तुम्ही हजर होतात? पोरगी हो म्हणाली. म्हणजे गार्ड तुटलेला आहे हे तुम्हाला माहीत होतं? पोरगी परत हो म्हणाली, कारण खोटं बोलायला काही कारण तिला दिसलं नाही. आणि माहीत असून तुम्ही त्याच रुळावर काम केलंत?

"मग दुसऱ्या कुठल्या रुळावर करणार?" पोरीनं विचारलं. "एकच आहे."

हेही लिहून घेतलं नाही. लिहून घेतलं ते एवढंच, की जखमी कामगाराला धोक्याची पूर्वकल्पना होती.  रूळवालीला कळलं की आपण काय केलं, पण बोललेला शब्द काही ओली चादर नव्हे, पुन्हा पाण्यात टाकून पिळायला.

निकाल पंधरा दिवसांत आला, इंग्रजीतच. रूळवालीला कामावरून काढलं, कारण कबुली लेखी होती. भाचीची भरपाई नामंजूर, कारण तिला माहीत होतं. बिघडलेल्या हाताला झेपेल असं काम सध्या उपलब्ध नाही, म्हणून नोकरीही नाही. संस्थेच्या यंत्रणेत दोष आढळला नाही. त्याच आठवड्यात रुळाला नवा गार्ड बसला. फिटर म्हणतो, स्प्रिंग गोदामात पडूनच होती.

शेवटच्या दिवशी रूळवाली हिशेबाचे कागद घ्यायला गेली तर घड्या घालणाऱ्या बायका गठ्ठ्यांवर बसल्या होत्या. ज्यांना ती अंगठेबहाद्दर म्हणायची त्याच. एक म्हणाली, आली बघा ओव्हरसाइट. बाकीच्या हसल्या. एकोणीस वर्षांचं नाव एका दुपारीत गेलं आणि हे चिकटलं.  तिच्याजवळ त्या दिवशी एकही शब्द नव्हता, ना हिरव्यातला ना निळ्यातला. फाटकावर पहारेकऱ्यानं पुस्तिका मागितली, संस्थेची मालमत्ता म्हणून. ती म्हणाली, हरवली. पुस्तिका पदराखाली होती.

बहिणीच्या दारात ती दोनदा गेली. पहिल्यांदा दार उघडलंच नाही. दुसऱ्यांदा बहिणीनं अर्धं उघडलं आणि उंबऱ्यातूनच बोलली.

"एवढी वर्षं चादरी सरळ केल्यास अक्का. एक वाक्य सरळ लिहिता आलं नाही? आणि लिहिलंस ते लिहिलंस, बोट कशाला दाखवलंस?"

आत भाची जमिनीवर वही घेऊन बसली होती. डाव्या हातानं लिहायला शिकत होती. बाराखडी काढत होती, पहिलीतल्या पोरासारखी, आणि अक्षरं ओळीबाहेर चालली होती. तिनं मान वर केली, मावशीला बघितलं, मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं वहीचं पान दाबून धरलं आणि पुन्हा लिहायला लागली. दार लागलं.

रूळवालीनं घरी येऊन सदतिसावं पान उघडलं. चौथ्या शब्दापुढं, त्या कोऱ्या जागेत, तिनं पेननं दुसरा अर्थ लिहिला. जागा बरोबर तेवढीच होती, अक्षर वाकडं न करता मावलं. मग तिनं तुम्हाला पत्र लिहिलं, मराठीत, कारण त्या भाषेतल्या प्रत्येक शब्दाचे सगळे अर्थ तिला ठाऊक होते. एकच प्रश्न विचारला. पत्र आठवड्यानं परत आलं. वर शिक्का: तक्रारी फक्त इंग्रजीत स्वीकारल्या जातील.

तिनं दुसरं पाठवलं. तेही आलं. तिसरंही आलं. तिन्ही पाकिटं त्या पुस्तिकेत ठेवलेली आहेत, पान सदतीसला खूण म्हणून. तिचा प्रश्न आता इथं छापतो, म्हणजे याच्यावर शिक्का मारून परत पाठवायची सोय तुम्हाला राहणार नाही.

निळ्यात होता तो दुसरा अर्थ हिरव्यातून कुणी काढला? समिती म्हणू नका, समितीला हात नसतात. कुणाच्या हातानं काढला, कुणाच्या सहीनं, आणि काढताना तुम्हाला माहीत होतं की नाही? तो माणूस हाताची पाच बोटं घेऊन त्या टेबलावर अजून बसलाय. त्याचं नाव सांगा. उत्तर द्या. आणि मराठीत द्या.